इटालियन घडणीचीं ‘जुनीं’ पिस्तुलें

इटलींत ब्रेशिया शहराच्या उत्तरेस मेल्ला नदीच्या खोऱ्यांत गार्दोने नांवाचें गांव आहे. बेरेता घराण्यानें १५२६ सालीं व्हेनिसच्या शस्त्रागाराला बंदुकांच्या १८५ नळ्या पुरविल्या, त्या याच गांवांतून. पुढें चार शतकांनीं, १९५८ च्या सुमारास, व्हॅल फॉर्गेट हा अमेरिकन व्यापारी तेथें एक चमत्कारिक मागणी घेऊन आला. अमेरिकेंतील यादवी युद्धाची शताब्दी जवळ येत होती, आणि त्या युद्धांत गाजलेलें कोल्टचें १८५१ च्या नमुन्याचें ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर त्याला पुन्हां हुबेहूब घडवून हवें होतें. आल्दो उबेर्ती व व्हित्तोरिओ ग्रेगोरेल्ली यांनीं तें काम पत्करलें.

त्या पहिल्या प्रतिकृतींना आतां साठांहून अधिक वर्षें लोटलीं. त्यांच्यावर खरोखरीचा जुनेपणा चढला आहे, आणि म्हणूनच त्या अस्सल म्हणून खपविण्याचा मोह कित्येकांना आवरत नाहीं.

निवाड्याचें पहिलें साधन इटलीच्या कायद्यानेंच दिलें आहे. तेथें घडलेलें प्रत्येक शस्त्र परीक्षणगृहांत बार काढून तपासावें लागतें व नंतर त्यावर छाप उमटतात. तारा आणि त्याखालीं एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या बंदुका ही गार्दोनेची खूण. ‘पीएन’ हीं अक्षरें म्हणजे ‘पोल्व्हेरे नेरा’, अर्थात् काळी दारू. शेजारच्या चिमुकल्या चौकटींत वर्ष असतें: रोमन दहा म्हणजे १९५४, रोमन वीस म्हणजे १९६४, ‘एए’ म्हणजे १९७५. हे छाप कानशीनें उडविणारे महाभाग आहेतच. परंतु घासलेल्या जागीं पोलाद किंचित् खोलगट होतें व तिरप्या उजेडांत तें लपत नाहीं. इटालियन स्क्रूंचे आटेहि मीटर-मापाचे असतात, कोल्टचे नव्हेत.

सर्वांत अधिक फसवणूक पितळ करतें. कोल्टच्या ‘नेव्ही’ची चापाची कडी व मुठीची पट्टी पितळी असे, पण सांगाडा लोखंडी. पितळी सांगाडा हें दक्षिणेच्या दारिद्र्याचें चिन्ह होय. लोखंडाच्या टंचाईमुळें जॉर्जियांतील ग्रिस्वोल्डच्या कारखान्यानें १८६२ ते १८६४ या काळांत तशीं सुमारें ३,६०० पिस्तुलें काढलीं, तींहि ०.३६ इंच व्यासाचीं. ०.४४ इंचांची, पितळी सांगाड्याची ‘१८५१ नेव्ही’ कोल्टनें कधींच केली नाहीं. ती निव्वळ इटालियन कल्पना, आणि बाजारांत तीच उदंड!

प्रतिकृति म्हणून घ्यावयाची तरी पितळाकडे जपून पाहावें. प्रथम सहाहि घरें रिकामीं असल्याची खात्री करावी, मग पाचर काढून नळी उतरवावी. ज्या आंसावर सहा घरांचें नळकांडें फिरतें, तो सांगाड्यांत हलत असेल, किंवा नळकांड्याच्या आघातानें मागील पितळावर वळ उठले असतील, तर भारी बारांनीं सांगाडा ताणला गेला असें समजावें. पोलादी सांगाड्यांत हा दोष क्वचित्. काळ्या दारूची राख हवेंतील ओल शोषते. म्हणून बाहेरची झिलई पाहून भुलूं नये, नळीच्या आंतील चऱ्या व टोपी बसविण्याच्या बोंड्यांचीं मुळें दिव्याजवळ धरून पाहावीं. तेथें खड्डे नसले, आंस घट्ट असला आणि घोडा ओढतांच प्रत्येक घर नळीसमोर नेमकें येऊन थांबलें, तर ती प्रत चांगली. मग छाप जितके स्पष्ट, तितकी तिची किंमत प्रामाणिक.