अर्जावरचं नाव

1962च्या कायद्यानंतर आपले अनेक डॉक्टर, शिक्षक ‘बी’ व्हाउचरवर या देशात आले. पदवी पाहूनच सरकारने व्हाउचर दिलं होतं, तरी अर्जांना उत्तरं येईनात. 1965च्या वंशभेदविरोधी कायद्यात नोकरीचा उल्लेखच नव्हता. ती बंदी 1968 साली आली.

मी 1974 साली आलो. मित्र म्हणाला, ‘नाव आखूड कर.’ केलं, आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. आनंदापेक्षा लाजच वाटली.

2009च्या सरकारी पाहणीत सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. इंग्रजी नावाला साधारण नऊ अर्जांमागे एक होकार मिळाला, आपल्यासारख्या नावांना सोळांमागे.

परवा ईलिंगच्या घरी नात सीव्ही लिहीत होती. ‘आजोबा, नाव पूर्ण लिहू?’ ‘लिही. खाली आधी केलेलं काम, मग पदव्या. आमच्या अर्जांत नुसत्या पदव्याच असत.’