फळा, पडदा आणि भिंतीतील खिडकी

दिल्लीच्या इतिहासाविषयी काही लिहावयाचे म्हटले म्हणजे लेखणी आपोआप किल्ल्यांकडे आणि मकबऱ्यांकडे वळते. आम्हां महाराष्ट्रीयांची लेखणी तर पानिपताहून निघते ती लाल किल्ल्यातच विसावते. परंतु ह्याच नगरीत गेल्या साठपासष्ट वर्षांत आणखी एक इतिहास घडला आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही शिलेवर नाही. शाळेतल्या मुलापर्यंत यंत्राच्या साहाय्याने ज्ञान कसे पोहोचवावे, आणि तेही विनामूल्य, ह्या खटपटीचा तो इतिहास होय. आज शिक्षक हातातल्या फोनवर क्षणार्धात धडा, चित्र किंवा प्रयोग उघडतो, तेव्हा ही गोष्ट कालपरवाची वाटते. ती तशी नाही. आणि तिच्यातला जुना बोध विसरल्याची किंमत मुलांनी एकदा मोजली आहे. म्हणून हे टिपण.

ह्या कथेचा आरंभ दिल्लीत नसून पुण्यात आहे, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. 1956 च्या प्रारंभी आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या सहकार्याने आसपासच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे उभारली. आठवड्यातून दोनदा गावकऱ्यांनी एकत्र बसावे, शेतीवरील कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवाव्यात, अशी योजना होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने तिची परीक्षा केली आणि ते काम मूळचे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराट ह्यांनी पाहिले. निष्कर्ष स्पष्ट होता. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, त्यांच्या मानाने मंडळांच्या गावांतील लोकांचे ज्ञान कितीतरी अधिक वाढले. कार्यक्रम सर्वांना सारखाच ऐकू येत होता. भेद पडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्यामुळे.

तीन वर्षांनी, 15 सप्टेंबर 1959 रोजी, दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. आज तिला करमणुकीचे साधन मानणाऱ्यांस कदाचित नवल वाटेल, पण तिचा जन्म लोकशिक्षणासाठी झाला होता. ऑक्टोबर 1961 मध्ये फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने राजधानीतील माध्यमिक शाळांसाठी नियमित पाठ प्रक्षेपित होऊ लागले. पदार्थविज्ञान, रसायन आणि इंग्रजी हे विषय निवडण्याचे कारण उघड होते: फाळणीनंतर वाढलेल्या ह्या शहरात विद्यार्थी भराभर वाढत होते; प्रयोगशाळा आणि शास्त्राचे शिक्षक मात्र त्या वेगाने वाढत नव्हते. पडद्यावरील पाठापूर्वी वर्गशिक्षकाने विषयाची पूर्वतयारी करावी आणि नंतर प्रश्नोत्तरे घ्यावीत, अशी अपेक्षा होती. ह्या योजनेचे मूल्यमापन करण्यास नॉयराट ह्यांनाच पाचारण झाले. पुण्याच्या शेतकऱ्याची बैठक जणू दिल्लीच्या वर्गात येऊन बसली.

पुढचे टप्पे वाचकांच्या स्मरणात असतील. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर अमेरिकन उपग्रहाच्या आधारे सहा राज्यांतील 2400 खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविले गेले. 1984 च्या 15 ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून देशव्यापी वर्ग आरंभिला. साधने बदलत गेली, परंतु पाठ तयार करणारा राजधानीत आणि पाहणारा दूर कोठेतरी, ही मांडणी बहुतांशी कायम राहिली.

ती मांडणी उलटी करून पाहिली ती कालकाजीच्या एका भिंतीने. 26 जानेवारी 1999 रोजी सुगत मित्र ह्यांनी एनआयआयटी ह्या संगणकशिक्षण संस्थेच्या कुंपणाच्या भिंतीत, पलीकडील झोपडवस्तीच्या बाजूस तोंड करून, एक संगणक बसविला. शिकविणारा कोणी नाही, शुल्क नाही, वेळापत्रक नाही. मुले जमली आणि आपापसांत शिकली. पडद्यावरील बाणाला त्यांनी 'सुई' म्हटले, आणि यंत्र कामात असल्याची खूण असलेल्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. पुढे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही अशा खिडक्या बसविण्यात आल्या. ह्या प्रयोगाने जगाचे लक्ष वेधले, तसे आक्षेपकही लाभले. दिल्लीतील अशाच एका सरकारी उपक्रमाची पाहणी करून मार्क वॉर्शॉवर ह्या अमेरिकन अभ्यासकाने 2002 साली लिहिले की मुले मुख्यत्वे खेळ आणि चित्रे काढणे ह्यांतच रमत होती, आणि त्यांच्या भाषेतील वाचनीय असे त्या यंत्रात फारसे नव्हते. आमच्या मते दोन्ही पक्षांत सत्यांश आहे. मुलाचे कुतूहल शिक्षकाची वाट पाहत नाही, हे भिंतीने दाखविले. त्या कुतूहलाला वाट दाखविण्यास कोणीतरी लागते, हे आक्षेपकाने.

दरम्यान जगात एक मोठे पालट घडत होते. विकिपीडिया 2001 साली निघाला. त्याच वर्षी भूमितीच्या आकृती पडद्यावर हलवून पाहता येणारे 'जिओजेब्रा' हे साधन ऑस्ट्रियातील एका विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासाचा भाग म्हणून रचले. 2002 साली कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा आभासी प्रयोगांचा संग्रह सुरू झाला. त्यातील कित्येक प्रयोग आज मराठीतही करून पाहता येतात. 1961 मध्ये ज्या प्रयोगशाळांच्या अभावी दिल्लीने दूरचित्रवाणीचा आश्रय घेतला, त्या प्रयोगशाळेची निदान छाया तरी आता फुकट मिळू लागली. 2002 मध्येच युनेस्कोने अशा साहित्यास 'मुक्त शैक्षणिक संसाधने' हे नाव दिले. दिल्लीतही 2013 मध्ये अशा साहित्याचा राष्ट्रीय संग्रह, 2015 मध्ये ई-पाठशाला आणि 5 सप्टेंबर 2017 रोजी, शिक्षकदिनी, 'दीक्षा' हे व्यासपीठ सिद्ध झाले. पाठ्यपुस्तकातील चौकोनी ठिपक्यांच्या खुणेवर फोन धरला की धडा बोलू लागतो, हा चमत्कार सरावाचा झाला.

आणि मग मार्च 2020 आला. शाळांची दारे मिटली आणि वर्ग फोनमध्ये भरू लागले. साहित्य विनामूल्य होते, फोन नव्हता. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील जेमतेम 24 टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती आणि 11 टक्क्यांहून कमी घरांत संगणक होता. शिक्षणहक्क कायद्यान्वये खाजगी शाळांत प्रवेश मिळालेली गरीब मुले एका रात्रीत पुन्हा वर्गाबाहेर गेली. 18 सप्टेंबर 2020 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने अशा मुलांना उपकरण आणि इंटरनेट शाळांनी पुरवावे असा निर्णय दिला. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. पण त्याच न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये ह्या विषमतेविषयी चिंता व्यक्त करून दिल्ली सरकारला योजना आखण्यास सांगितले. पुण्याच्या खेड्यांत 1956 साली रेडिओ गावाचा होता, कोणा एकाचा नव्हता. हा साधा विवेक आम्ही विसरलो होतो.

परमुलखात राहणाऱ्या आम्हां मराठी जनांना ह्या इतिहासाशी आणखी एक कर्तव्य आहे. 27 जानेवारी 1967 रोजी पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके आज दिल्लीतील कोणत्याही घरी मोल न देता उघडता येतात. सुट्टीत गावाहून येणाऱ्या पाहुण्याकडून मराठी वाचनमाला मागवावी लागे, ते दिवस सरले. तरीही आमच्या घरांतील मुले मराठी वाचावयास अडखळतात, ही कबुली दिली पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा जाहीर झालेल्या वृत्तांतात पुस्तकांना जोडलेल्या खुणांबरोबरच मुलांच्या घरच्या कन्नड भाषेत केलेल्या धड्यांचाही उल्लेख होता. महाराष्ट्रातील कन्नड मुलाची जी गरज, तीच दिल्लीतील मराठी मुलाची. पुस्तक उघडले की त्याच्या शेजारी बसून दोन शब्द बोलणारे माणूस त्याला हवे असते.

पुण्याची मंडळे, दिल्लीचा पडदा, कालकाजीची भिंत आणि टाळेबंदीतला तो एकाकी फोन ह्यांची साक्ष जुळते. साधन फुकट मिळते, पण त्याभोवती बसावयाची बैठक आपणच मांडावी लागते. आमच्या मंडळांनी आठवड्यातून एक तास, एक पडदा आणि दहा मुले एवढ्यावर जरी आरंभ केला, तरी 1956 च्या त्या शेतकऱ्यांचे ऋण काही अंशी फिटेल.