पडद्यापुढे येऊन मार्ज काय म्हणाली

बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, की गप्पा आपोआप मुलांवर येतात. हल्ली त्यात एक तक्रार ठरलेली असते. पोरगं मोबाईलवर कार्टून बघतं, दिवसभर खिदळतं आणि रात्री दचकून उठतं. कार्टून म्हणजे हसायचं, लहान मुलांचं, असं आपण धरून चालतो. मग त्यात भीती शिरते कुठून? ह्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. आज आम्ही तो एकाच कार्टूनच्या निमित्ताने सांगणार आहोत. कार्टून अमेरिकेतलं आहे, नाव 'द सिम्पसन्स'.

पिवळ्या रंगाचं कुटुंब आहे हे. बाप होमर अणुवीज केंद्रात कामाला, आळशी पण जिवाचा चांगला. आई मार्ज, डोक्यावर निळ्या केसांचा हा एवढा उंच डोलारा. दहा वर्षांचा व्रात्य बार्ट, आठ वर्षांची हुशार लिसा आणि तोंडात चोखणी धरलेली तान्ही मॅगी. मॅट ग्रोनिंग नावाच्या चित्रकाराने हे कुटुंब रचलं आणि बार्ट सोडून बाकी सगळ्यांना स्वतःच्या आईवडिलांची आणि बहिणींची नावं दिली.

हे कुटुंब टीव्हीवर पहिल्यांदा दिसलं १९ एप्रिल १९८७ ला. दुसऱ्याच एका कार्यक्रमाच्या मधे दाखवायची, दोनेक मिनिटांची गोष्ट होती. विषय काय, तर मुलांना झोपवणं! बार्ट बापाला विचारतो, मन म्हणजे काय असतं? बाप हसण्यावारी नेतो आणि पोरगं अंथरुणात विचार करत पडतं. आई लिसाला सहज म्हणून जाते, ढेकूण चावू देऊ नकोस हं. झालं, लिसाला गादीभर ढेकूणच ढेकूण दिसायला लागतात. मॅगीला आई अंगाई म्हणते. इंग्रजीतली ती जुनी अंगाई झाडाच्या शेंड्यावर टांगलेल्या पाळण्याची आहे. वाऱ्याने फांदी मोडते आणि पाळणा बाळासकट खाली येतो. मॅगी डोळे विस्फारून तेच बघते. शेवटी तिन्ही पोरं धावत येऊन आईबापाच्या अंथरुणात घुसतात.

बघा, ह्यात भूत नाही, राक्षस नाही. आईने मायेने म्हटलेल्या शब्दांतूनच भीती निघाली. आपणही 'बागुलबुवा येईल' म्हणून जेवण भरवतोच की. बागुलबुवा भिंतीमागून निघून पोराच्या डोक्यात किती दिवस राहायला जातो, हे आपण कुठे मोजतो?

पुढे डिसेंबर १९८९ मध्ये अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका सुरू झाली आणि घरोघरी पोचली. तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश. त्यांच्या पत्नी बार्बरा बुश १९९० मध्ये एका मासिकाला म्हणाल्या, की इतकं मूर्खपणाचं काही मी कधी पाहिलं नाही. त्यावर मालिका लिहिणाऱ्यांनी चक्क मार्जच्या नावाने त्यांना पत्र पाठवलं, एका आईने दुसऱ्या आईला लिहावं तसं, सभ्य आणि दुखावलेलं. बार्बराबाईंनी उत्तर पाठवून दिलगिरी व्यक्त केली. कागदावर काढलेल्या बाईची माफी मागणारी ही बाई आम्हाला तरी आवडली.

त्याच महिन्यात, २५ ऑक्टोबर १९९० ला, मालिकेने पहिल्यांदा मुद्दाम भीतीचा भाग केला. तिकडे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन नावाचा सण असतो. मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात, त्या निमित्ताने. भाग सुरू व्हायच्या आधी रंगमंचाचा पडदा हलतो आणि मार्ज एकटी पुढे येते. ती प्रेक्षकांना सांगते, की आजचा कार्यक्रम भारी भीतीदायक आहे. तुमची मुलं हळवी असतील, तर उद्या आम्हाला रागाची पत्रं लिहिण्यापेक्षा आज त्यांना लवकर झोपवा. ही नक्कल होती १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाईन' सिनेमाची. त्याच्याही सुरुवातीला एक गृहस्थ पडद्यापुढे येऊन असाच इशारा देतात. फरक इतकाच, की तिथे कोटातला पुरुष होता आणि इथे घरातली आई.

त्या भागात तीन गोष्टी आहेत. झाडावरच्या खोपीत बसून मुलं एकमेकांना त्या सांगतात आणि होमर बाहेरून चोरून ऐकतो. पहिलीत सिम्पसन्स स्वस्तात मिळालं म्हणून एक मोठं घर घेतात. ते निघतं तिथल्या मूळ रहिवाशांच्या दफनभूमीवर बांधलेलं. भिंतीतून रक्त वाहतं, घर बोलतं, माणसांना एकमेकांवर उठवतं. शेवटी मार्जचा संयम सुटतो. ती घरालाच खडसावते, की आम्ही इथेच राहणार, तू नीट वाग. घर विचार करतं आणि ह्यांच्याबरोबर नांदण्यापेक्षा आपण नाहीसं झालेलं बरं म्हणून स्वतःच कोसळून जातं. दुसरीत परग्रहावरचे प्राणी कुटुंबाला पळवून नेतात आणि खाऊ-पिऊ घालतात. लिसाला त्यांच्याकडे माणसं शिजवण्याचं पुस्तक सापडतं. धूळ झटकली की नावातला एकेक शब्द वाढतो आणि अर्थ उलटतो. शेवटी कळतं, पुस्तक चाळीस माणसांसाठी स्वयंपाक कसा करावा ह्याचं आहे! पंगतीचा अंदाज घेणाऱ्या आपल्यासारख्या बायकांच्या कामाचं. तिसरी गोष्ट एडगर अ‍ॅलन पो ह्यांच्या १८४५ सालच्या डोमकावळ्याच्या कवितेवर आहे. प्रिय बाई गमावलेला एक माणूस रात्री एकटा बसलेला असतो. तिथे हसू कमी आणि दुःख जास्त.

गोष्टी संपतात, मुलं काहीच न झाल्यासारखी जाऊन झोपतात. जागा कोण राहतो? होमर. दिवा बंद करू नका म्हणून विनवणारा, चांगला बापयगडी.

असा भाग करायची कल्पना आली ती जुन्या भीतीच्या कॉमिक्सवरून, म्हणजे चित्रांच्या मासिकांवरून. १९५० च्या सुमारास विल्यम गेन्स नावाचे प्रकाशक ती काढत. प्रेतं उठून येणं, कुऱ्हाडी, सगळं काही. आयाबापांना धास्ती पडली. काही गावांत तर शाळा आणि पालकांनी मिळून कॉमिक्सच्या होळ्या पेटवल्या. फ्रेडरिक वर्थम ह्या मानसोपचार डॉक्टरांनी १९५४ मध्ये पुस्तक लिहिलं, की ह्या मासिकांनी मुलं बिघडतात, गुन्हेगार होतात. त्याच वर्षी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. गेन्स ह्यांना मुंडकं उडवलेल्या बाईचं चित्र दाखवून विचारलं गेलं, हे तुम्हाला सभ्य वाटतं का? मग प्रकाशकांनीच नियमावली केली. मासिकाच्या नावात भीती आणि थरकाप हे शब्द नकोत, चालती प्रेतं नकोत, रक्तपिपासू नकोत. गेन्स ह्यांची भीतीची मासिकं बंद पडली.

वर्थम वाईट माणूस नव्हते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी दवाखाना चालवला होता. पण २०१२ मध्ये कॅरोल टिली ह्या अभ्यासक बाईंनी त्यांचे मूळ कागद, गटाचं दप्तर तपासावं तसे, एकेक करून तपासले. मुलांची वयं, त्यांचं बोलणं ह्यांत वर्थम ह्यांनी फेरफार केल्याचं त्यांना दिसलं. काळजी खरी होती, हिशेब खोटा होता. आपल्याकडेही मोबाईलबद्दल छातीठोक आकडे सांगणारे भेटतात. त्यांना वही दाखवा म्हणायला हरकत नाही.

१९९० च्या दशकात तीच धास्ती टीव्हीबद्दल परत आली. १९९६ च्या कायद्याने नव्या टीव्ही संचात एक चिप बसवणं सक्तीचं झालं. तिच्यामुळे आईबापांना नको ते कार्यक्रम अडवता येतात. वयानुसार खुणाही सुरू झाल्या. पण ती चिप कुणी लावायची? पुन्हा आईनेच.

आता आमचं मत सांगतो. ह्या मालिकेतलं खरं अस्वस्थ करणारं भुतांच्या भागात नाहीच. १९९० मध्येच एक भाग आला, त्यात आईबाप बाहेर जातात आणि मुलांना सांभाळायला बाई ठेवतात. ती निघते चोर. मुलांना बांधून घर साफ करत असते. मुलं मोठ्या हिकमतीने तिलाच बांधतात. होमर घरी येतो, काही न विचारता तिला सोडवतो, वर पैसे देऊन पाठवतो! मूल खरं सांगतंय आणि मोठा माणूस ऐकतच नाही, हे हसता हसता घशात अडकतं. जानेवारी १९९१ च्या एका भागात होमर विषारी मासा खातो आणि डॉक्टर सांगतात, बावीस तास उरले. त्या बावीस तासांत तो तान्ह्या मॅगीसाठी आपलं बोलणं कॅमेऱ्यात भरून ठेवतो. वाचतो तो, पण बघणारं पोर विचारतंच, बाबा मेले असते तर?

आणि लिसा. ११ फेब्रुवारी १९९० च्या भागात तिला नुसतं उदास वाटतं. कारण सांगता येत नाही. मार्जला तिच्या आईने लहानपणी शिकवलेलं असतं, की मनात काही असो, चेहरा हसरा ठेव, लोक त्यावरून तुझ्या आईला जोखतात. मार्ज तेच लिसाला सांगून शाळेच्या दारात सोडते. लिसा ओढूनताणून हसते. लगेच दोन मुलं तिला गोड बोलून आपला अभ्यास करायला सांगतात, शिक्षक तिला दमात घेतात, ती हसतच राहते. मार्ज गाडीतून हे बघते. गाडी गर्रकन वळवते, मुलीला आत घेते आणि सांगते, तुला उदास राहायचं असेल तर रहा. आम्ही तुझ्याबरोबर आहोत, सरेल तेव्हा सरेल.

त्यानंतर लिसा खरंच हसते.