फोनोची सुई

पुणे-सोलापूर रस्त्यावरील वरवंडसारख्या गावांतून जुनी माणसे ग्रामोफोनला ‘फोनो’ म्हणत. चावीची पेटी गेली, विजेवरचा रेकॉर्ड प्लेअर आला आणि ध्वनिफितीने त्यालाही मागे सारले. तरीही अनेक ख्रिस्ती घरांतून वडिलार्जित तबकड्या अद्याप जपलेल्या आढळतात. त्या पुन्हा वाजवू पाहणारी तरुण मंडळी प्रथम विचारतात, यंत्र कोणते घ्यावे? माझ्या मते आधी सुईची चौकशी करावी. यंत्र सामान्य असले तर स्वर सामान्य लागेल, एवढेच. सुई वाईट असली तर तबकडीच कायमची जाते.

ख्रिस्तसभेचा या कलेशी संबंध अगदी आरंभीचा. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग १९०२ च्या एप्रिलमध्ये रोमला गेले आणि सिस्टाईन चॅपेलच्या गायकवृंदातील आलेस्सांद्रो मोरेस्की यांचा आवाज त्यांनी मुद्रित केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हेच गृहस्थ कलकत्त्यात गौहरजान यांच्यापुढे कर्णा मांडून बसले होते! १९०३ साली नव्वदी ओलांडलेले पोप तेरावे लिओ यांचाही आवाज टिपला गेला. १९३० मध्ये ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने फ्रान्समधील सोलेम मठातील साधूंचे ग्रेगोरियन गायन मुद्रित केले.

त्या काळच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत. ही लाख बव्हंशी आपल्याच देशातील, छोटा नागपूरच्या रानातील. तिच्यात दगडाची कठीण भुकटी मुद्दाम मिसळीत. पोलादी सुईचे टोक या भुकटीवर घासून खाचेच्या आकाराचे होई; म्हणजे तबकडी सुईला घडवी. पण एका वाजवण्यातच त्या टोकाला धारदार कडा येत. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई घालावी, अशी कंपन्यांची सूचना असे. काटकसरी घरात ती कोण पाळणार? तीच सुई पुनःपुन्हा चाले आणि वरून शंभर ग्रॅमहून अधिक भार पडे. आपल्या जुन्या तबकड्यांतील खरखर पुष्कळदा वयाची नसून या काटकसरीची आहे.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने विनाइलची दीर्घ तबकडी आणली. तिची खाच फारच बारीक. ७८ च्या तबकडीला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते, हिला २५ किंवा त्याहूनही कमी. पोलादाची जागा नीलमाने व पुढे हिऱ्याने घेतली, आणि सुईची थरथर विजेत रूपांतरित करणारे कार्ट्रिज आले. प्रारंभीची स्फटिकाची कार्ट्रिजे दमट हवेत बिघडत. वसईकडे हा त्रास अधिक. वरवंडच्या कोरड्या हवेत शत्रू आहे धूळ. ती खाचेत बसली की सुईखाली कानसच होते.

आता खर्चाचे. घरातील पेटी सिरॅमिक कार्ट्रिजची असल्यास त्याच जातीची नवी सुई घालून थांबावे. तिच्या जड दांडीला चुंबकीय कार्ट्रिज मानवत नाही, आणि त्यातून निघणारे काही मिलिव्होल्ट तिच्या ध्वनिवर्धकाला पुरत नाहीत. दांडीचा भार नेमका ठेवता येत असेल व फोनो प्रिअँप्लिफायर असेल, तरच चुंबकीय कार्ट्रिज घ्यावे. ऑडिओ-टेक्निकाची २०१८ मध्ये आलेली ‘व्हीएम ९५’ मालिका मला सोयीची वाटते, कारण एकाच कार्ट्रिजला सहा प्रकारच्या सुया बसतात. गोल टोकाची ‘सी’ स्वस्त. थोडे अधिक देऊन लंबवर्तुळाकार ‘ई’ घेतल्यास तबकडीच्या शेवटच्या कड्यांतील गायन स्पष्ट उमटते. त्यापुढील महाग टोके तूर्त सोडून द्यावीत. ७८ च्या तबकड्यांसाठी ‘एसपी’ ही वेगळी सुई आहे. तिला सुमारे ५ ग्रॅम भार लागतो, ‘ई’ला २. भार मोजायचा छोटा काटा मात्र अवश्य घ्यावा. भार फार कमी ठेवला तर तबकडी वाचते, हा समज चुकीचा आहे. सुई खाचेत उडते आणि भिंती फोडते.

विनाइल पुसायला काही जण स्पिरिट वापरतात. तेच फडके आजोबांच्या लाखेच्या तबकडीवर फिरवू नये. स्पिरिटात लाख विरघळते.