बासमती तांदूळ: घरच्या घरी पारख, साठवण आणि शिजवण्याची पद्धत

बासमती हा लांब, सडपातळ दाण्याचा सुगंधी तांदूळ आहे. त्याला इतर तांदळापेक्षा जास्त दर मिळतो. त्यामुळे शरबती, सुगंधा यांसारखा लांब दाण्याचा, कमी दराचा तांदूळ त्यात मिसळण्याचे किंवा बासमती म्हणूनच विकण्याचे प्रकार होतात. पाकिटावरचे चित्र किंवा दर पाहून खात्री होत नाही. मात्र दाण्याची लांबी, शिजल्यावरची वाढ आणि वास या तीन गोष्टी आपण घरी तपासू शकता.

बासमती हे नाव कोणत्या तांदळाला?

बासमतीला भारतात २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानुसार पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश, दिल्ली, उत्तराखंड, पश्चिम उत्तर प्रदेश आणि जम्मू भागातील काही जिल्हे हे त्याचे मान्य क्षेत्र आहे. पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातही बासमती पिकतो.

दाणा भरण्याच्या काळात हिमालयाच्या पायथ्याकडील या पट्ट्यात हवा थंड होत जाते. सुगंध टिकण्यासाठी आणि शिजताना दाणा लांब होण्यासाठी ही हवा महत्त्वाची असते. त्यामुळे महाराष्ट्रात बासमती वाणाचे बियाणे लावले, तरी तोच वास व तीच वाढ मिळेल याची खात्री नसते. शिवाय तो माल बासमती या नावाने विकता येत नाही. जादा दराच्या आशेने असे बियाणे घेण्यापूर्वी ही बाब लक्षात घ्यावी. आपल्याकडे आंबेमोहोर, इंद्रायणी, आजरा घनसाळ हे सुगंधी तांदूळ स्वतःच्या नावाने विकले जातात.

खरेदी करताना प्रकार ओळखा

- वाण: बासमती ३७० आणि तरावडी हे पारंपरिक वाण सुगंधासाठी ओळखले जातात. पुसा बासमती ११२१ चा दाणा त्यांच्यापेक्षा बराच लांब असतो व शिजल्यावर खूप वाढतो. पुलाव-बिर्याणीसाठी तो जास्त वापरला जातो.
- कच्चा व सेला: साळ न उकडता भरडलेला तो कच्चा तांदूळ. साळ भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडली की सेला तयार होतो. सेला पिवळसर व कडक असतो. तो सहसा चिकटत नाही, पण शिजायला जास्त वेळ घेतो. मोठ्या पंगतीसाठी सेला सोयीचा, तर घरच्या वरण-भातासाठी कच्चा बरा.
- अखंड व तुकडा: अखंड दाण्यानंतर तिबार, दुबार, मोगरा अशा उतरत्या प्रती असतात. खीर, खिचडी, इडलीसाठी मोगरा चालतो. त्यासाठी अखंड दाण्याचे पैसे मोजण्याची गरज नाही.
- नवा व जुना: साधारण वर्षभर मुरलेला तांदूळ शिजल्यावर जास्त लांब व मोकळा होतो. नवा तांदूळ मऊ व चिकट होतो. जुन्या तांदळाचा रंग किंचित मलईसारखा दिसतो.

घरची पट्टी चाचणी

एखाद्या वाणाला बासमती म्हणून मान्यता देताना तांदळाची सरासरी लांबी किमान ६.६१ मि.मी., लांबी-रुंदीचे प्रमाण किमान ३.५ आणि शिजल्यावरची लांबी मूळ लांबीच्या किमान १.७ पट असे निकष पाहतात. त्यांचा अंदाज घरी असा घ्यावा.

१. न तुटलेले १० दाणे टोकाला टोक लावून एका रेषेत ठेवा. ही ओळ किमान ६६ मि.मी. भरली पाहिजे.

२. तेच १० दाणे शेजारी शेजारी, कडेला कड लावून ठेवा. पहिल्या ओळीच्या लांबीला या ओळीच्या मापाने भागा. उत्तर ३.५ किंवा जास्त यावे.

३. मूठभर तांदूळ अर्धा तास भिजवून भरपूर उकळत्या पाण्यात शिजवा. शिजलेले १० अखंड दाणे पुन्हा रेषेत मांडा. कच्चे दाणे ७० मि.मी. भरले असतील, तर शिजलेले सुमारे १२० मि.मी. भरावेत. सेल्याची वाढ यापेक्षा थोडी कमी असते.

४. शिजताना वास घ्या. नैसर्गिक सुगंध शिजताना खुलतो. पाकीट उघडताच अत्तरासारखा वास आला आणि धुतल्यावर नाहीसा झाला, तर वरून वास लावल्याची शंका घ्यावी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ ऑगस्ट २०२३ पासून लागू केलेल्या मानकांनुसार बासमतीत कृत्रिम रंग, कृत्रिम सुगंध किंवा चकाकी आणणारे पदार्थ चालत नाहीत.

या चाचणीची मर्यादाही लक्षात घ्यावी. दाणे मापात बसले नाहीत, तर माल चांगल्या प्रतीचा अखंड बासमती नाही असे समजावे. मात्र मापात बसले म्हणून तो शंभर टक्के बासमती ठरत नाही, कारण इतर काही वाणांचे दाणेही लांब असतात. भेसळीची पक्की खात्री प्रयोगशाळेतील डीएनए चाचणीनेच होते.

साठवण

- तांदूळ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ठेवावा.
- पोरकिडे दिसल्यास कडक उन्हात घालू नये. दाणा तडकतो आणि शिजताना तुटतो. सावलीत पसरून, चाळून, निवडून घ्यावा.
- खाण्याच्या तांदळाला बोरिक पावडर लावू नये.
- मसाले, साबण, रॉकेल यांच्याजवळ डबा ठेवू नये. तांदूळ दुसरा वास लवकर धरतो.

शिजवण्याची पद्धत

इंद्रायणीचा भात मऊ व थोडा चिकट हवा असतो, म्हणून आपण पाणी सढळ हाताने घालतो. त्याच मापाने बासमती शिजवला तर त्याचा गिचका होतो.

- धुणे: हलक्या हाताने दोन-तीन पाण्यांतून धुवा. चोळू नका, दाणे तुटतात.
- भिजवणे: कच्चा बासमती २० ते ३० मिनिटे आणि सेला किमान पाऊण ते एक तास भिजवा. पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत गेले की दाणा सगळीकडून सारखा शिजतो व न तुटता लांब होतो. नंतर पाणी पूर्ण निथळून टाका.
- मोजक्या पाण्यात: भिजवण्यापूर्वी मोजलेल्या १ वाटी तांदळाला दीड ते पावणेदोन वाट्या पाणी घ्या. उकळी आली की झाकण ठेवून मंद आचेवर १० ते १२ मिनिटे शिजवा. गॅस बंद करून १० मिनिटे झाकण उघडू नका.
- वेळून: १ वाटी तांदळाला ६ ते ८ वाट्या पाणी उकळा, मीठ घाला, तांदूळ सोडा. ५ मिनिटांनंतर दाणा बोटात दाबून पाहत राहा. बिर्याणीसाठी मध्ये किंचित कणी असतानाच, नुसत्या भातासाठी ती गेल्यावर पाणी काढून टाका.

नवे पाकीट किंवा नवे पोते उघडल्यावर आधी एक वाटीच भात करून पाहा. चिकट झाला तर पुढच्या वेळी पाव वाटी पाणी कमी करा, कडक राहिला तर पाव वाटी वाढवा. दाणे तुटत असतील तर भिजवण्याचा वेळ व ढवळणे तपासा. भात मोकळा करताना काट्याने किंवा उलथन्याच्या कडेने, बाजूने हलवा.

उरलेला भात

शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिल्यास त्यात विषबाधा करणारे जिवाणू वाढतात. त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा व दुसऱ्या दिवशी संपवावा. फ्रिज नसल्यास लागेल तेवढाच भात करावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

बचत गट किंवा शेतकरी गटाच्या बैठकीत पट्टी चाचणीचे प्रात्यक्षिक सहज घेता येते. एक पट्टी, एक पातेले आणि दुकानातील तीन वेगवेगळ्या दरांचे तांदूळ एवढे साहित्य पुरते. चौथा नमुना म्हणून गावातला इंद्रायणी किंवा आंबेमोहोर ठेवावा. लांबीत तो मागे पडेल. मात्र वास आणि चव यांची तुलना शेतकऱ्यांनी स्वतः करावी, आणि मग कोणत्या तांदळासाठी जास्त पैसे मोजायचे व शेतात कोणता वाण लावायचा हे ठरवावे.