येरवड्याच्या भिंतीआडची पदवी

पुणे जिल्ह्यातील माणसाला, मग तो शहरातला असो वा दौंड तालुक्यातील राहूसारख्या गावातला, जन्मठेपेसारखी दीर्घ शिक्षा झाली की त्याचा मुक्काम बहुधा येरवडा मध्यवर्ती कारागृहात पडतो. १८७१ मध्ये बांधलेल्या या कारागृहात सुतारकाम, विणकाम अशी कामे परंपरेने चालत आली आहेत. बी.ए.ची पुस्तके तेथे त्या मानाने अलीकडे पोहोचली.

त्यामागे दोन विद्यापीठे आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. दिल्लीच्या तिहार तुरुंगात १९९४ मध्ये अभ्यासकेंद्र निघाले. महाराष्ट्रातही येरवडा, नाशिकरोड, नागपूर अशा मध्यवर्ती कारागृहांत मुक्त विद्यापीठांचे शिक्षण पोहोचले. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय घेऊन पदवी मिळवता येते. दहावीही न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट मोठा आधार ठरली.

प्रत्यक्षात पहिली अडचण कागदाची असते. शाळा सोडल्याचा दाखला, जुनी गुणपत्रिका बंद्याजवळ नसते. ती गावाकडून, घरच्या माणसांनीच आणायची. ज्याच्या घरचे मुलाखतीलाही येत नाहीत, त्याचा अर्ज तेथेच अडतो. दिवसाचे काम आटोपल्यावर बराकीतील गर्दी-गोंगाटात वाचायचे, हा पुढचा भाग. मध्येच दुसऱ्या कारागृहात बदली झाली तर अभ्यासाची घडी विस्कटते.

पदवी पूर्ण करणाऱ्या शिक्षाबंद्याला महाराष्ट्रात नव्वद दिवसांपर्यंत विशेष माफी मिळू शकते. माफीसाठीच ही मंडळी शिकतात, असे कुत्सितपणे म्हटले जाते. पण नव्वद दिवसांसाठी तीन वर्षे अभ्यास करणारा माणूस केवळ हिशेबी असेल, हे पटणे कठीण आहे. शिवाय माफी ही शिक्षा लागलेल्यांपुरतीच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन. सुटका उद्या होईल की पाच वर्षांनी, हेच ठाऊक नसताना तीन वर्षांच्या पदवीला नाव घालण्याचे धैर्य त्यांच्यापैकी किती जणांना व्हावे?

याहून मूलभूत उणीव शिक्षकाची आहे. दूरशिक्षणात पुस्तक येते, परीक्षा होते. प्रश्न विचारणारा आणि उलट प्रश्न ऐकून घेणारा मात्र क्वचितच भेटतो. इतिहास किंवा राज्यशास्त्र हे विषय तर वादविवादाशिवाय निर्जीवच. महाराष्ट्रातील तुरुंगांना असा वर्ग अगदीच अपरिचित नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली आणि त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. अर्थात तेथे वक्ता आणि श्रोते दोघेही बंदीच होते. बाहेरून कोणी शिकवायला आले नव्हते.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बार्ड महाविद्यालयाने नेमके तेच केले. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या या उपक्रमात प्राध्यापक तुरुंगात जाऊन साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित शिकवतात. अभ्यासक्रमात सवलत नसते. २०१५ मध्ये तेथील बंद्यांच्या संघाने वादविवादात हार्वर्ड विद्यापीठाच्या संघाला हरवले. त्याच देशाने १९९४ मध्ये बंद्यांची सरकारी शैक्षणिक मदत बंद केली होती. ती सर्वत्र पूर्ववत व्हायला २०२३ साल उजाडले.

येरवड्यातून पदवी घेऊन गावी परतणाऱ्यापुढे आणखी एक दार असते. सरकारी नोकरीच्या अर्जानंतर चारित्र्य पडताळणी होते आणि शिक्षेची नोंद तेथे आडवी येते. खासगी नोकरी, स्वतःचा व्यवसाय किंवा घरची शेती, एवढेच पर्याय मग बहुतेकांपुढे उरतात.