डावात सगळे

खेळाच्या मैदानाचा एवढा विचार कशाला, असे वाचकांना वाटले तर त्यात नवल नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या आसपासची मुले धान निघाल्यावर मोकळ्या बांधीत, शाळेच्या पटांगणात, देवळाच्या ओट्यावर खेळतातच. पण त्या घोळक्यात कोण नाही, हे जरा निरखून पाहा. कुबडी घेऊन चालणारा, ऐकू न येणारी, गोंगाटाने बावरणारा अशी मुले बहुधा कडेला उभी दिसतील. हा विषय त्यांच्यापासून सुरू होतो.

अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये स्वीकारला. मुलांचा खेळण्यातला समान वाटा त्यात स्पष्ट नोंदवला आहे. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने शाळांवर शिक्षणाबरोबरच खेळाची समान संधी देण्याची जबाबदारी टाकली. या कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत सिकलसेलही आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार अनोळखी नाही. शरीरातले पाणी कमी झाले किंवा फार दमछाक झाली की या मुलांना असह्य वेदना होऊ शकतात. त्यांच्यासाठी सावली, पिण्याचे पाणी आणि डाव मध्येच थांबवून बसण्याची मुभा, हीच खरी सोय.

म्हणून मैदानाचा बाहेरचा नकाशा जसाच्या तसा इथे उतरवू नये. इथल्या उन्हाळ्यात लोखंडी घसरगुंडी हात भाजते आणि पावसाळ्यात चिखलात चाकांची खुर्ची रुतते. दाबून बसवलेल्या मुरमाची वाट मात्र चाकांना पेलते. वाघाचा वावर असलेल्या या भागात मैदान वस्तीलगत, झुडपे काढलेले आणि कुंपणाचे हवे. तेच कुंपण अचानक धाव घेणाऱ्या स्वमग्न मुलालाही सांभाळते. बांबूच्या नळ्या वाऱ्यावर वाजल्या तर दृष्टिहीन मुलीला झोक्याची दिशा कळते. बांबूची आणि तो घडवणाऱ्या हातांची इथे वाण नाही. चिचपल्लीचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र याच जिल्ह्यातले.

साधनांइतकेच नियमही महत्त्वाचे. आपल्याकडे लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून खेळात घेतात. तो बाद होत नाही, त्याच्यावर डावही येत नाही. ही माया पहिल्या दिवशी ठीक. पुढे मात्र त्या मुलालाही हरण्याचा, चिडण्याचा, डाव देण्याचा हक्क हवा. आंधळी कोशिंबीर खेळताना डोळस मुलांवर पट्टी चढते, तेव्हा वरचढ कोण ठरेल ते सांगता येत नाही.

वरोऱ्याच्या आनंदवनाने अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा उभारून या जिल्ह्याला मोठा वारसा दिला. आता ती मुले आणि शेजारची मुले एकाच मैदानावर यावीत, हे पुढचे काम आहे. वाचकांनी वाचताना आपल्या गावचे एखादे पटांगण मनात ठेवावे. फाटकापासून झोक्यापर्यंतची वाट चालून पाहा, आणि काय बदलायचे ते तिथे खेळू न शकणाऱ्या मुलांनाच आधी विचारा. सामानाची यादी त्यानंतर करावी.